वाटेत झाकलेलं, मुक्कामी उघडं

जून-जुलैत नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून बघा. प्रवेशाचा हंगाम असतो. बाहेर दुचाक्या आडव्यातिडव्या लावलेल्या, आत पोरं आणि त्यांचे आईवडील, भिंतीवर मोठ्या अक्षरांत व्हॉट्सअ‍ॅप नंबर. "दादा, दाखला पाठवलाय, कलर प्रिंट द्या." "शेवटचे चार आकडे सांगा ताई, कोणत्या नंबरवरून आलाय?" दुकानदार व्हॉट्सअ‍ॅप वेबवर फाइल शोधतो, डाउनलोड करतो, प्रिंट काढतो, पैसे घेतो. पुढचा.

गिऱ्हाईक गेलं, पण फाइल तिथेच राहिली. अशा संगणकाचा डाउनलोड्स फोल्डर उघडला की 'आधार', 'आधार (१)', 'आधार (२)' असं सुरू होतं आणि आकडा कुठल्या कुठे गेलेला असतो. मध्ये उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट साइज फोटो, पांढऱ्या कागदावर केलेल्या सहीचा स्कॅन. एकाच माणसाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, आधार क्रमांक, खाते क्रमांक, चेहरा आणि सही, सगळं एका फोल्डरात, तारखेनुसार लावलेलं. संगणकाला पासवर्ड नसतो, कारण दुपारी भाचा बसतो आणि त्याला दर वेळी कोण सांगत बसणार.

गंमत अशी, की ताईंच्या फोनपासून दुकानापर्यंत ती फाइल आली ती अत्यंत मजबूत एन्क्रिप्शनमधून. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि फाइली पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतात आणि घेणाऱ्याकडेच उघडतात. मधल्या मोबाइल कंपनीला किंवा वायफाय पुरवणाऱ्याला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. सगळी वाट सुरक्षित पार पडली आणि मुक्कामाला पोहोचल्यावर फाइल उघड्यावर पडली.

एन्क्रिप्शनविषयी आपण जे ऐकतो ते बहुतेक वाटेबद्दल असतं. फुकट वायफाय वापरू नका, ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह बघा, वगैरे. ते चुकीचं नाही, पण गेल्या दहा-बारा वर्षांत वाट बरीच सुधारली आहे. डेटा जिथे जाऊन पडतो त्या जागा मात्र आहेत तशाच आहेत. सामान्य माणसाची आणि लहान व्यावसायिकाची माहिती आज तिथूनच जाते, असं माझं मत आहे.

आधी हे एन्क्रिप्शन नेमकं काय करतं ते बघू. मजकूर आणि किल्ली या दोन गोष्टी एका गणिती कृतीत घालायच्या. बाहेर येते ती निव्वळ अर्थहीन आकड्यांची रास. किल्ली हातात असेल तर कृती उलटी चालवून मूळ मजकूर परत मिळतो, नसेल तर नाही. यातली कृती मुळीच गुप्त नसते. आज सगळीकडे वापरली जाणारी एईएस ही पद्धत योआन डेमेन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी तयार केली, अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००१ मध्ये ती मानक म्हणून जाहीर केली आणि तिचा तपशील कुणीही वाचू शकतो. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे "आमची स्वतःची गुप्त पद्धत आहे" असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यापासून चार हात लांब राहावं.

किल्ली म्हणजे एक मोठा आकडा. एईएसची सर्वांत लहान किल्ली १२८ बिटांची, म्हणजे १२८ वेळा शून्य किंवा एक लिहून होणारी, असते. तशा किल्ल्या किती होऊ शकतात? ३४ लिहून पुढे ३७ शून्यं द्या, साधारण तितक्या. एखाद्या यंत्राने सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहिल्या, तरी सगळ्या संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट वेळ लागेल. म्हणून चोर या गणिताच्या नादी लागत नाहीत. ते दोनच गोष्टी शोधतात: किल्ली कुठे सांडली आहे का, आणि तोच मजकूर दुसरीकडे कुठे उघडा पडला आहे का. दुसरी गोष्ट फार लवकर सापडते.

आता वाट. घरातल्या किंवा दुकानातल्या सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं पान ब्राउझरमध्ये उघडा. बऱ्याच जुन्या यंत्रांत पत्ता नुसत्या एचटीटीपीने सुरू होतो, शेवटी 'एस' नसतो, म्हणजे वाटेत एन्क्रिप्शन नसतं. आपल्याच नेटवर्कवर दुसऱ्या लॅपटॉपवर वायरशार्क नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवून, वायरवरून जाणारी डेटाची पाकिटं पकडायची सोय केली आणि मग डीव्हीआरमध्ये लॉगिन केलं, तर पडद्यावर रांगेने ओळी सरकतात. त्यातली एक निवडली की खालच्या चौकटीत युजरनेम दिसतं, त्याच्या पुढे पासवर्ड, आपण टाइप केला तसाच्या तसा. काही यंत्रं तो बेस-६४ नावाच्या रूपात पाठवतात. ते गिचमिड दिसतं, म्हणून एन्क्रिप्शन वाटतं. पण त्याला किल्लीच नसते, कुणीही एका क्लिकवर उलगडतो. ज्याला किल्ली नाही ते एन्क्रिप्शन नाही, ही खूण लक्षात ठेवली तर बऱ्याच जाहिराती आपोआप गळून पडतात.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जवळजवळ सगळं इंटरनेट असंच चालायचं. लॉगिनचं पान तेवढं सुरक्षित, पुढचा सगळा व्यवहार उघड्यावर. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रामरने फायरशीप नावाचं, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेंशन जाहीर केलं. कॅफेच्या खुल्या वायफायवर बसायचं, एक बटण दाबायचं, आणि त्याच वायफायवर फेसबुक उघडून बसलेल्या लोकांची नावं फोटोसकट बाजूच्या पट्टीत यायची. नावावर दोनदा क्लिक केलं की त्या माणसाच्या खात्यात आपण आत. पासवर्डची गरजच नाही, कारण लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरला जी ओळखीची खूण देते, म्हणजे कुकी, ती दर क्लिकला उघडी हवेतून जात होती. हे शक्य आहे हे तज्ज्ञांना आधीपासून माहीत होतं. बटलरने ते कुणालाही जमेल इतकं सोपं करून दाखवलं आणि कंपन्यांची पळापळ झाली. पुढे २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा सुरू झाली आणि एचटीटीपीएससाठी वेबसाइटला लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळू लागलं. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर प्रत्येक एचटीटीपी साइटपुढे 'सुरक्षित नाही' असं लिहू लागला.

म्हणून आज सीबीएस बसस्थानकावर गाडीची वाट बघत, कुणाच्या तरी वायफायवर बँकेचं अ‍ॅप उघडलं तर शेजारच्याला शिल्लक दिसत नाही. कोणत्या साइटवर गेलात एवढं बहुधा कळू शकतं, आत काय केलंत ते नाही. वायफायला अजिबात भिऊ नका असं मी म्हणणार नाही, पण त्या भीतीने लोक फोनचा डेटा चालू करतात आणि मग तोच पॅन कार्डाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, हे काही पटत नाही.

वाटेवर अजून उघडं काय राहिलंय? एसएमएस. तो फोनपासून टॉवरपर्यंत झाकलेला असतो, पण मोबाइल कंपन्यांच्या यंत्रणेत वाचता येईल अशाच रूपात फिरतो. कंपन्या एकमेकींशी बोलायला एसएस-७ नावाची १९७० च्या दशकातली पद्धत वापरत आल्या आहेत, आणि त्या पद्धतीत समोरच्याची खातरजमा करण्याची सोयच नव्हती. जर्मनीत २०१७ मध्ये याच फटीतून ओटीपी वळवून लोकांच्या खात्यांतले पैसे काढले गेले. ईमेलचं असं आहे की मोठ्या सेवांमध्ये ती एका सर्व्हरपासून दुसऱ्यापर्यंत झाकून जाते, पण दोन्हीकडच्या पेटीत उघडी पडून राहते. वर्षानुवर्षं. २०१४ मध्ये घरकर्जासाठी पाठवलेली सगळी कागदपत्रं तुमच्या 'सेंट'मध्ये आजही असतील, शोधून बघा.

आणि ते कुलपाचं चिन्ह. त्याचा अर्थ एवढाच होता की तुम्ही आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं दुसऱ्याला ऐकू जात नाही. ती साइट कुणाची आहे याची हमी त्यात नव्हती. बनावट बँकेच्या साइटलाही फुकट प्रमाणपत्र मिळतं. लोक कुलूप दिसलं की निर्धास्त होतात हे पाहून गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढून टाकलं.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदाराला ही सगळी भानगड एका वाक्यात कळते. बागेतून निघालेला माल प्रीकूलिंगला जातो, रीफर कंटेनरमधून न्हावाशेवा, तिथून थेट युरोप. पण तिकडे उतरवल्यावर पेट्या दोन दिवस उन्हात ठेवल्या तर वाटेतल्या थंडाव्याचं काय करायचं? एचटीटीपीएस म्हणजे तो कंटेनर. कंटेनरबाहेरच्या उन्हाची जबाबदारी तो घेत नाही.

तर आता मुक्काम.

सगळ्यात मोठा गैरसमज विंडोजच्या पासवर्डचा. लॅपटॉप सुरू करताना पासवर्ड विचारतो, म्हणजे आतला डेटा बंद आहे, असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. तो पासवर्ड विंडोजमध्ये शिरण्याचा आहे, डिस्कचा नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर चार स्क्रू काढून ती बाहेर घेतली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळे फोल्डर पेनड्राइव्हसारखे उघडतात, पासवर्डचा प्रश्नच येत नाही. डिलीट केलेल्या फाइलींचीही तीच कथा. साध्या हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे त्या जागेवर 'रिकामी' अशी नोंद करणं. तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तसाच असतो आणि तो परत मिळवून देणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. शहरात जुने लॅपटॉप घेणारी दुकानं भरपूर आहेत. एखाद्या सीएच्या ऑफिसातली जुनी यंत्रं एक्स्चेंजमध्ये गेली तर त्यांच्याबरोबर किती जणांचे रिटर्न, बॅलन्सशीट आणि पोर्टलचे पासवर्ड गेले, याची यादी कुणाकडेच नसते.

यावरचा उपाय बहुतेक यंत्रांत आधीच बसवलेला असतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे. होम आवृत्तीत यंत्राची तयारी असेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन सापडतं. मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. ते चालू केलं की डिस्कवरचं प्रत्येक अक्षर एन्क्रिप्ट होऊनच लिहिलं जातं आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली तर नुसती रास दिसते. वेगातला फरक रोजच्या कामात सहसा जाणवतही नाही. फोनच्या बाबतीत आपण नकळत बरे आहोत: आयफोन आणि अलीकडचे अँड्रॉइड फोन आतली साठवण आपोआप एन्क्रिप्ट करतात. पण त्याचा सगळा जोर तुमच्या स्क्रीन लॉकवर. १२३४ ठेवलं असेल तर संपलं. आणि अँड्रॉइड फोनमध्ये वरून घातलेलं मेमरी कार्ड सहसा उघडंच असतं.

डिस्क हरवण्याचं जगातलं गाजलेलं उदाहरण ब्रिटनचं आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये तिथल्या कर खात्याने बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांची माहिती दोन सीडींवर भरून, नोंद न करता, दुसऱ्या सरकारी कार्यालयाकडे कुरिअरने पाठवली. सीडी पोहोचल्याच नाहीत. त्यांत सुमारे अडीच कोटी लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा आणि बँक खात्यांचे तपशील होते. सीडींना पासवर्ड होता, एन्क्रिप्शन नव्हतं. अर्थमंत्र्यांना संसदेत उभं राहून सांगावं लागलं, खात्याच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. त्या सीडी पुढे कधी सापडल्या नाहीत. नीट एन्क्रिप्ट केलेल्या असत्या तर हरवल्या असत्या दोन चकत्या.

पासवर्ड आहे पण एन्क्रिप्शन नाही, म्हणजे काय, हे एक्सेलमध्ये स्वच्छ दिसतं. आपल्याकडे पगारपत्रकापासून भिशीच्या हिशेबापर्यंत सगळं एक्सेलमध्ये असतं, आणि पुष्कळ जण 'प्रोटेक्ट शीट' करून पासवर्ड देतात. एक्सेलची आजची फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते. फाइलीच्या नावाचं शेपूट बदलून झिप करायचं, उघडायची, आतल्या शीटच्या फाइलीत संरक्षणाची एक ओळ असते ती खोडायची, पुन्हा बंद करायची. पासवर्ड गेला. कारण ती सोय चुकून कुणी फॉर्म्युला बिघडवू नये म्हणून दिलेली आहे, आकडे लपवायला नाही. लपवायचे असतील तर फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक आणि त्यातलं 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. मेन्यूत दोन्ही पर्याय एकाच यादीत, एकाखाली एक. काम मात्र अगदी वेगळं.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही असाच फरक आहे. युजरनेम-पासवर्ड लावला की कुणी काय बघायचं यावर बंधन येतं. टॅलीव्हॉल्ट चालू केलं तर कंपनीचा डेटाच एन्क्रिप्ट होतो, इतका की यादीत कंपनीचं नावसुद्धा वाचता येत नाही. रविवार कारंजा असो की सातपूरची एमआयडीसी, ज्या व्यापाऱ्याचा अकाउंटंट रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन घरी जातो, त्याने ही सोय बघावीच. तो पेनड्राइव्ह रिक्षात पडणं ही फक्त वेळेची बाब आहे.

फाइल एखाद्याला पाठवायचीच असेल तर सेव्हन-झिप फुकट आहे, एईएस-२५६ वापरू शकतं आणि तसा पर्याय निवडला तर आतल्या फाइलींची नावंही झाकतं. पासवर्ड मात्र वेगळ्या वाटेने द्या, फोनवर सांगा. आपल्याकडची रीत अशी, की आधी फाइल जाते आणि त्याच चॅटमध्ये लगेच खाली पासवर्ड.

आधारच्या पीडीएफचं यात एक खास प्रकरण आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून उतरवलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. ही पद्धत सगळ्या देशाला माहीत आहे. ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याच्यासाठी उरतात फक्त वर्षं, म्हणजे फार तर शंभर प्रयत्न. नावही माहीत नसेल तर चार अक्षरांचे सगळे प्रकार गुणिले शंभर वर्षं, साडेचार कोटींच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण संगणकाला तो फार वेळ पुरत नाही. मघाशी चौतीसपुढे सदतीस शून्यं लिहिली होती, ती इथे कामाला येत नाहीत, कारण कुलूप कितीही भक्कम असलं तरी किल्ली अंदाजाने बनवता येते. म्हणून ई-आधारची फाइल ही उघडी फाइल आहे असं धरूनच वागावं.

त्यापेक्षा मास्क्ड आधार बरं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, असं पत्रक काढलं. दोनच दिवसांत केंद्राने ते मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. पत्रक गेलं, मास्क्ड आधारची सोय मात्र चालू आहे. बहुतेक ठिकाणी ते चालायला हवं. काउंटरवरचा माणूस "हे नाही चालत काका, पूर्ण नंबर पाहिजे" म्हणाला तर, कोणत्या नियमानुसार, एवढं विचारून बघायला हरकत नाही. उत्तर बहुधा "वरून सांगितलंय" असंच येतं.

आतापर्यंत आपल्या हातातल्या फाइली पाहिल्या. दुसऱ्यांच्या सर्व्हरवर आपले पासवर्ड कसे पडलेत हेही बघायला हवं. नियम साधा आहे: वेबसाइटने तुमचा पासवर्ड साठवायचाच नाही, एन्क्रिप्ट करूनही नाही. त्याच्यावर एकमार्गी गणिती कृती करून, म्हणजे हॅश करून, आलेलं उत्तर तेवढं ठेवायचं. लॉगिनच्या वेळी पुन्हा तीच कृती, आणि उत्तरं जुळतात का एवढंच बघायचं. हे न करणाऱ्या रॉकयू नावाच्या कंपनीतून डिसेंबर २००९ मध्ये ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे बाहेर आले. सर्वाधिक लोकांचा पासवर्ड होता १२३४५६. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांची पहिली हत्यारपेटी आहे. लहान कंपनी म्हणून सोडून द्यावं, तर २०१९ मध्ये फेसबुकनेच मान्य केलं की कोट्यवधी वापरकर्त्यांचे पासवर्ड त्यांच्या अंतर्गत यंत्रणेत साध्या मजकुरात साठवले गेले होते. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने त्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला.

तुमच्या क्लासचं, पतसंस्थेचं किंवा सोसायटीचं अ‍ॅप काय करतं हे ओळखायची एक सोपी खूण आहे. 'पासवर्ड विसरलो' दाबा. नवीन पासवर्ड ठेवायची लिंक आली तर ठीक. तुमचा जुनाच पासवर्ड एसएमएसने परत आला, तर तो त्यांच्याकडे वाचता येईल अशा रूपात पडलाय हे नक्की. तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे दिला असेल तर तिथला आजच बदला.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एक राहिलं. संदेश वाटेत झाकलेले असले तरी त्यांचा गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरचा बॅकअप आपोआप त्याच पातळीवर झाकला जात होता असं नाही. ऑक्टोबर २०२१ पासून बॅकअपसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शनची, म्हणजे फक्त आपल्याच किल्लीने बॅकअप उघडेल अशी, सोय आली, पण ती आपण जाऊन चालू करायची असते: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. पंचवटीतल्या लॉजच्या रिसेप्शनवरचा फोन डोळ्यापुढे आणा, मग ही सेटिंग महत्त्वाची का ते कळेल.

कारण सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. ऑगस्ट २०२७ मध्ये अमृतस्नानं सुरू होतील तेव्हा रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत प्रत्येक लॉजमध्ये, धर्मशाळेत आणि भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये एकच दृश्य असेल: पाहुणा आधार पुढे करतो, मॅनेजर आपल्या खासगी फोनवर त्याचा फोटो काढतो. तो फोटो फोनच्या गॅलरीत, तिथून क्लाउडवर, मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, मालकाच्या मुलाच्या लॅपटॉपवर. एका ओळखपत्राच्या चार प्रती, आणि मॅनेजर नोकरी सोडून गेला की त्यातली एक त्याच्याबरोबर.

इथे कायदाही आता आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिले आहेत. म्हणजे साधारण मे २०२७. अमृतस्नानांच्या अगदी आधी. नियमांत सुरक्षेच्या किमान उपायांमध्ये एन्क्रिप्शनचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. वाजवी काळजी न घेतल्यामुळे माहिती फुटली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. फुटल्याचं डेटा संरक्षण मंडळाला आणि संबंधित माणसांना न कळवल्यास २०० कोटी. दहा खोल्यांच्या लॉजला कुणी २५० कोटींचा दंड करणार नाही हे उघड आहे. पण काम संपल्यावर माहिती पुसायची, हे बंधन मात्र लहानमोठ्या सगळ्यांनी लक्षात घ्यावं. फोटो काढलाच नाही तर तो जपायचाही नाही आणि पुसायचाही नाही. मास्क्ड आधार बघून नोंदवहीत नाव आणि शेवटचे चार आकडे लिहिले तर चालतंय का, हे आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात आधीच विचारून घेतलेलं चांगलं. प्रत ठेवावीच लागली तर ती एकाच ठिकाणी, एन्क्रिप्ट केलेल्या यंत्रावर ठेवावी, गॅलरीत नको.

चांगली रचना कशी असते याचा नमुना नाशिक रोडलाच तयार होतो. तिथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या ई-पासपोर्टात चिप असते, पण आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती कुणालाही उत्तर देत नाही. यंत्राने आधी पासपोर्ट उघडून पानाच्या तळाशी छापलेल्या दोन ओळी वाचायच्या. त्यांतल्या पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांवरून किल्ली तयार होते आणि मग पुढचं बोलणं एन्क्रिप्ट होऊन चालतं. खिशातला बंद पासपोर्ट रांगेतल्या मागच्या माणसाला वाचता येऊ नये, म्हणून हा खटाटोप. त्याच पासपोर्टाच्या पहिल्या पानाचा फोटो आपण ट्रॅव्हल एजंटला पाठवतो तेव्हा त्या दोन्ही ओळी त्यात असतात.

एन्क्रिप्शनने सगळं भागतं असं नाही. तुम्ही फाइल उघडून वाचत असता तेव्हा ती तुमच्यासाठी उघडी असते, आणि तुमच्या यंत्रात शिरलेल्या व्हायरससाठीही. ओटीपी तुम्हीच फोनवर सांगितला तर कुठलंही गणित मदतीला येत नाही. रॅन्समवेअरवाले तर हेच हत्यार आपल्यावर उलटवतात: आपल्या फाइली त्यांच्या किल्लीने बंद करतात आणि किल्लीचे पैसे मागतात. त्यावर उपाय एकच, वेगळ्या ठिकाणी ठेवलेला बॅकअप, आणि तोही एन्क्रिप्ट केलेला.

शेवटची अडचण किल्ली हरवण्याची, आणि ती खरी आहे. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून देणारी सोय नाही. बिटलॉकर चालू करताना ४८ आकडी रिकव्हरी की मिळते. मदरबोर्ड बदलला किंवा कधी एखादं अपडेट आडवं आलं की यंत्र तीच मागतं, आणि नसेल तर डेटा गेला असं समजायचं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर ती बहुधा त्या खात्यात जपलेली असते. तरीही एक प्रिंट काढा आणि घराच्या कागदपत्रांबरोबर किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात नको. मला ती बहुतेक वेळा तिथेच सापडते, घडी घालून, चार्जरच्या खाली.